मंगळवारी मिळालेला रविवार

मेळाव्याची तारीख ठरवताना आपल्या व्हॉट्सॲप गटावर तीन दिवस खल चालला होता. कुणाला तो गणपतीच्या आधी हवा होता, कुणाला दिवाळीनंतर. परदेशातल्यांना नाताळची सुट्टी सोयीची, गावी परतलेल्यांना शिमग्यानंतरचे दिवस. पण शे-सव्वाशे निरोपांमध्ये एका गोष्टीवर कुणीच वाद घातला नाही. वार कोणता, हे कुणी विचारलेच नाही. तो रविवारच असणार होता.

त्याच आठवड्यात दुसरा विषय निघाला, वर्गणीचा. शाळेच्या वाचनालयाची डागडुजी करायची, नवी पुस्तके घ्यायची, चार टेबले आणि दिवे बसवायचे. परदेशात स्थिरावलेल्या आपल्या एका मित्राने सगळा खर्च एकट्याने उचलायची तयारी मोठ्या मनाने दाखवली. मी लगेच त्याला पाठिंबा दिला. माझा हिशेब सरळ होता. एक माणूस, एक व्यवहार, काम संपले. शंभर जणांच्या मागे लागून शंभर-दोनशे रुपये गोळा करायचे, त्याच्या नोंदी ठेवायच्या, कुणाचे आले आणि कुणाचे राहिले ते बघायचे, हा खटाटोप कशाला? त्यावर वडापावची गाडी चालवणाऱ्या आपल्या एका मित्राने दोनच ओळी लिहिल्या. त्याला दोनशेच रुपये जमणार होते, पण यादीत त्याचे नाव हवे होते.

मी त्याला उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मला त्याचे म्हणणे कळलेच नव्हते.

पुढे स्मरणिका समितीने प्रत्येकाला एकेका थोर व्यक्तीवर लिहायला सांगितले, तेव्हा मी नारायण मेघाजी लोखंडे हे नाव कळवले. कारण एवढेच की आपण ज्या रविवारी भेटणार, तो रविवार आपल्या गिरणगावाला त्यांच्यामुळे मिळाला, असे इतिहासाच्या बाईंनी एकदा धडा बाजूला ठेवून सांगितले होते. तुमच्यातल्या काहींना तो तास आठवत असेल. बाहेर भोंगा झाला होता आणि बाई थांबून म्हणाल्या होत्या की या भोंग्यालाही आठवड्यातून एक दिवस गप्प बसायला कुणीतरी शिकवले आहे. लोखंड्यांविषयी वाचू लागले आणि रविवारचे उत्तर मिळालेच, पण वर्गणीचेही मिळाले.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. कुटुंब फुलमाळी समाजातले, मूळ गाव पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर. घरची गरिबी. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले आणि पुढचे दार बंद झाले. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि त्यानंतर ते मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. म्हणजे ते स्वतः साच्यावर उभे राहिलेले कामगार नव्हते. दप्तर सांभाळणारे, लिहिता-वाचता येणारे, पगारदार गृहस्थ होते. आपल्यातल्या बहुतेकांची आजची स्थिती त्यांच्या त्या दिवसांच्या जवळ जाणारी आहे. पोटापुरते मिळते, वरिष्ठ ओळखतात, आणि शेजारच्या खात्यात काय चालले आहे ते दिसत असूनही न पाहण्याची सोय असते.

त्यांनी मात्र ते पाहिले. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारली, ती १८५६ मध्ये सुरू झाली. लोखंडे तेव्हा आठ वर्षांचे होते. ते गिरणीत नोकरीला लागेपर्यंत शहरात गिरण्यांची चिमणीमागून चिमणी उभी राहिली होती. विजेचे दिवे अजून गिरण्यांत आलेले नव्हते, त्यामुळे कामाची वेळ सूर्य ठरवायचा. उजाडले की साचे सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणेही मोठे, तेरा-चौदा तासांचे. दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. पगार महिन्याचा, पण तो हाती कधी पडेल याचा नेम नाही, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. यंत्रात हात गेला तर तो कामगाराचा दोष. कामावर ठेवणे आणि काढणे जॉबरच्या मर्जीवर. आणि आठवड्याची सुट्टी नाही. सण असला किंवा यंत्रे पुसायची असली तर गिरणी थांबायची, तीही यंत्रांसाठी.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचे मूल म्हणजे आपल्याकडे दुसरीतले. मोठ्या माणसांच्या, बायकांच्या कामाच्या तासांबद्दल त्या कायद्यात काहीच नव्हते. आणि हा कायदा होण्यामागे नुसती दया नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईचे स्वस्त कापड टोचत होते, म्हणून इथे कामाचे तास कमी व्हावेत असा त्यांचा आग्रह होता. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे सज्जन मनापासून झटत होते. पण ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न होता त्या कामगारांना काय हवे, हे अजून कुणी विचारले नव्हते.

लोखंडे तोवर महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत आले होते. पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्या विचाराचे साप्ताहिक असावे म्हणून कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. भालेकरांनी ते पदरमोड करून तीन वर्षे चालवले आणि शेवटी पैशाअभावी बंद पडायची पाळी आली. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईला आणले, संपादकपद घेतले आणि गिरणीतली नोकरी सोडली.

इथे मी थोडी थांबले. बुडीत निघालेले साप्ताहिक, वाचक असा वर्ग की ज्याला बहुधा वाचता येत नाही, आणि वर्गणी भरण्याची ऐपत त्याहून कमी. आमच्या व्यवसायात असा प्रस्ताव कुणी मांडला असता तर पहिल्या बैठकीतच तो बाद झाला असता. तरीही 'दीनबंधु' चालला. सत्यशोधक चळवळीला मुंबईत हात देणाऱ्यांमध्ये तेलुगू समाजातले बांधकाम कंत्राटदार होते. तेही खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून कष्टाने वर आलेले. या मंडळींनी आपल्या मिळकतीतला वाटा चळवळीसाठी काढला. बाकी भार वर्गणीदारांवर आणि लोखंड्यांच्या स्वतःच्या अंगावर. अंक एकाने वाचायचा आणि चाळीत दहा जणांनी ऐकायचा, अशी ती वाचनाची तऱ्हा. आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत गिरणगावात ती टिकून होती.

गुरू-शिष्यांचे सगळे गोडीगुलाबीचे होते असेही नाही. १८८३ मध्ये फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लोखंड्यांनी त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापली आणि पुढची थांबवली. सरकारची मर्जी खपा होईल, पत्र बंद पडेल, अशी धास्ती त्यामागे असावी. जोतीरावांना ते मुळीच आवडले नाही आणि त्यांनी नाराजी लपवली नाही. मी हा प्रसंग मुद्दाम सांगते आहे. स्मरणिकेतले थोर पुरुष बहुधा जन्मापासून निर्भय असतात. लोखंडे तसे नव्हते. ते जपून पाऊल टाकणारे होते, कधी जरुरीपेक्षा जास्त जपून. त्यांनी केले ते असे भीतीसकट केले.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या कायद्याचा फेरविचार करायला एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, गिरण्यांचे व्यवस्थापक बोलणार हे ठरलेले. लोखंडे सुशिक्षित होते, संपादक होते. त्यांनी स्वतःच्या नावाने उत्तम अर्ज लिहून दिला असता तर तो दप्तरी दाखल झाला असता आणि त्यांचे नावही झाले असते. त्यांनी तसे केले नाही. २३ सप्टेंबरला परळला सुपारीबागेत कामगारांची सभा बोलावली. तीन दिवसांनी, २६ तारखेला, पुन्हा सभा घेतली. काय मागायचे ते तिथे सगळ्यांसमोर ठरले.

मागण्या पाच होत्या. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची सोय. पुन्हा वाचून बघा. यात एकही मागणी अशी नाही की जी आज कुणाला अवास्तव वाटेल. तेव्हा मात्र पाचही वाटल्या.

त्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

हा आकडा मी बराच वेळ बघत बसले होते. त्याचे कारण माझे स्वतःचे आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत काम करत होते तिथे आमच्या गटाला शनिवार-रविवारी आळीपाळीने फोनवर तयार राहावे लागे. रात्री दोनला प्रणाली बंद पडली तर उठायचे, दुरुस्त करायचे आणि सोमवारी नेहमीच्या वेळी हजर व्हायचे. बदली सुट्टी नाही. जेवणाच्या टेबलावर बावीसच्या बावीस जण यावर बोलायचे. एकदा ठरले की वरिष्ठांना एकत्र पत्र लिहायचे. मसुदा मीच केला, भाषा अगदी मवाळ ठेवली. नावे घालायची वेळ आली तेव्हा तीन जणांनी घातली. त्या तिघांत मी नव्हते. माझी बढतीची वेळ होती, घराचा हप्ता होता, आणि मसुदा मी केला म्हणजे माझे काम झाले अशी मी स्वतःची समजूत घातली. पत्र गेले, त्याचे काही झाले नाही. तिघांपैकी एक मुलगी सहा महिन्यांत सोडून गेली. तिला निरोप देताना मी केक कापायला पुढे होते.

माझी नोकरी गेली असती तरी दोन महिन्यांत दुसरी मिळाली असती. १८८४ च्या कामगाराला जॉबरने काढले तर गावची वाट होती, आणि गावात दुष्काळाचे कर्ज. कायद्याने त्याला कसलेही संरक्षण नव्हते. संघटना करण्याचा हक्क हा शब्दप्रयोगही त्याच्या कानावर आलेला नव्हता. नाव दिसणार होते, आणि नाव दिसले की माणूस सापडणार होता. तरी साडेपाच हजार जणांनी ते दिले. पैसा देण्यासारखा त्यांच्याजवळ नव्हताच. जे होते ते एकच, स्वतःचे नाव, आणि त्याची वर्गणी त्यांनी भरली.

लगेच पदरात काही पडले नाही. आयोगाचा अहवाल झाला आणि कामाचे तास तसेच राहिले. लोखंड्यांनी कामगारांची संघटना उभी केली होती, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन. भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचे नाव घेतात. पुढची सहा वर्षे ते 'दीनबंधु'तून लिहीत राहिले, सभा घेत राहिले, अर्जामागून अर्ज करत राहिले. रविवारच का, यालाही त्यांच्याकडे कामगारांना पटणारे उत्तर होते, असे सांगतात. रविवार हा खंडोबाचा वार. साहेबाला त्या दिवशी चर्चला जायला मिळते, तर जेजुरीच्या धन्याच्या लेकरांनाही तो दिवस हवा.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साल लक्षात घ्या. मुंबईत मोठ्या घरच्या शिकलेल्या बायकाही सभेत बोलायला उठत नसत. आणि इथे साच्यावरून आलेल्या दोघी दहा हजारांसमोर उभ्या राहिल्या. आठवड्याच्या सुट्टीची मागणी सभेने पुन्हा केली आणि निवेदन मालकांच्या संघटनेकडे गेले. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

मालकांचे मन अचानक पालटले असे समजायचे कारण नाही. नवा कायदा येऊ घातला होता, इंग्लंडमधून दबाव होता, आणि दहा हजार माणसे एकत्र येऊ शकतात हे त्यांनी नुकतेच पाहिले होते. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखाना आयोग नेमला, तेव्हा लोखंड्यांना त्याच्या कामात सहसदस्य म्हणून घ्यावे लागले. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. मुलांचे किमान वय सातावरून नऊवर गेले. सुपारीबागेतल्या पाचपैकी दोन मागण्या देशाच्या कायद्यात उतरल्या, सात वर्षांनी.

लोखंड्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन हा त्या काळचा क्रूर प्रकार. त्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ होते. लोखंड्यांनी वस्तरा ज्यांच्या हातात होता त्या नाभिक बांधवांनाच गोळा केले, आणि १८९० मध्ये मुंबईत त्यांच्या सभेने हे काम आपण करणार नाही असे ठरवले. इथेही रीत तीच. उपदेश बाहेरून करायचा नाही, ज्याच्या हातात ते काम आहे त्याला एकट्याने नाही तर सगळ्यांनी मिळून नाही म्हणायला बळ द्यायचे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली, तेव्हा ते शांततेसाठी कामगार वस्त्यांतून फिरले. सरकारने त्यांना रावबहादूर केले, जस्टिस ऑफ द पीस केले. पदव्या मिळाल्यावर माणसे वस्ती बदलतात. यांनी ती बदलली नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग उगवला, त्याच मांडवीला जिथे त्यांनी गिरणीत नोकरी केली होती. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. लोखंडे राहिले. गोरगरीब रोग्यांसाठी दवाखाना उभारण्यासाठी आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी ते राबले, आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नासही नव्हते. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. सत्यशोधकांची ती पिढी बोलली तशी वागली आणि वागली तशी गेली.

आता थोडे हिशेबाचे बोलते, कारण ते माझे काम आहे. लोखंड्यांच्या संघटनेवर जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. तिला नोंदलेले सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती, निधी नव्हता. लोखंडे म्हणजेच संघटना होती. ते होते तोवर हाक मारली की दहा हजार जमत. ते गेले आणि हाक मारणारे कुणी उरले नाही. संघटनाही विरून गेली. सभासदांची वही, गिरणीवार समित्या आणि नियमित वर्गणी असलेली बळकट कामगार संघटना उभी राहायला त्यांच्यानंतर जवळपास तीस वर्षे लागली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन निघाली, तिने हे केले.

म्हणजे त्यांच्या आयुष्यातून मला दोन गोष्टी मिळाल्या आणि दुसरी त्यांच्या उणिवेतून मिळाली. पहिली, एका वजनदार माणसाच्या शब्दापेक्षा साडेपाच हजार साध्या नावांनी प्रश्न सगळ्यांचा होतो. दुसरी, ती नावे वहीत राहिली नाहीत आणि दरमहा त्यांच्यातून चार पैसे पुढे सरकले नाहीत, तर मिळालेले टिकते पण मिळवणारे हात सुटतात.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात कळायला हवे होते. माझे बाबा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील त्यांत होते. त्या संपाचे पुढे काय झाले हे तुम्हाला सांगायला नको. आई आम्हाला घेऊन गावी गेली, गावाकडच्या तांदळावर ते वर्ष निघाले. बाबांची गिरणी पुन्हा पूर्वीसारखी चालली नाहीच. त्यांनी एका इमारतीत पहारेकऱ्याची नोकरी धरली, बारा तासांची, आणि तिला आठवड्याची सुट्टी नव्हती. लहानपणी मला वाटायचे की रविवार हा शाळेचा असतो, बाबांचा नसतो. लोखंडे वाचताना प्रथम लक्षात आले की गिरणीत असताना बाबांना रविवार होता. आईच्या सांगण्यात तो येतो. बाजारातून आणलेली मासळी, दुपारची झोप, संध्याकाळी भजन. शंभर वर्षांपूर्वी नावे देऊन मिळवलेला दिवस माझ्या घरातून एका वर्षात परत गेला होता, आणि तो गेला हे कुणी मोठ्याने म्हटलेही नव्हते.

बाबा मला नेहमी सांगत, कुणाच्या सभेबिभेत जाऊ नकोस, आपले शिक्षण बघ. मी ते ऐकले आणि माझे भले झाले. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या पत्रावर नाव न घालताना माझ्या मनात त्यांचेच शब्द होते, हेही खरे आहे.

इमारतीच्या दारावरचा पहारेकरी, घरी डबा घेऊन येणारा मुलगा, रात्री दोनला उठणारी माझ्या गटातली नवी मुलगी. यांचा रविवार कुठला, हे मी आता विचारते. गेल्या वर्षी सध्याच्या नोकरीत बदली सुट्टीचा प्रश्न पुन्हा निघाला. या वेळी मसुदा दुसऱ्याने केला. नाव मी पहिले घातले. माझ्याखाली चौदा जणांनी घातले. सुट्टी अजून मिळालेली नाही, चर्चा चालू आहे. १८८४ ते १८९० ही सहा वर्षे होतात, हे मी माझ्या गटातल्या मुलांना सांगत असते.

मुळातली सवय म्हणून मी एक गोष्ट तपासली. लोखंड्यांच्या आयुष्यातल्या तारखांचे वार संगणकावर काढून पाहिले. सुपारीबागेतली पहिली सभा, २३ सप्टेंबर १८८४, मंगळवार. मालकांनी सुट्टी मान्य केली तो १० जून १८९०, मंगळवार. ते गेले तो ९ फेब्रुवारी १८९७, तोही मंगळवार. तिन्ही दिवस कामाचे. भारत सरकारने २००५ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. तरुणपणी ज्या खात्यात त्यांनी नोकरी केली, त्याच खात्याचे.

तर मित्र-मैत्रिणींनो, वर्गणीबद्दल मी माझे मत बदलले आहे, आणि ते इथे छापून देते म्हणजे नंतर फिरवता येणार नाही. परदेशातल्या मित्राचे पैसे जरूर घ्यावेत, त्याचे मन मोठे आहे. पण त्याचे नाव यादीत इतर सगळ्यांच्या बरोबरीने, आडनावाच्या क्रमाने यावे. पन्नास रुपये देणाऱ्याचेही यावे. रक्कम कुणाच्याही नावापुढे लिहू नये. ही वर्गणी एकदाच न घेता दरवर्षी घ्यावी, थोडी का होईना, म्हणजे पुढच्या वर्षी पुस्तके घ्यायला पुन्हा कुणा एकाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. नोंदी ठेवायचे काम मी करते. ज्या खटाटोपाला मी नको म्हणत होते तोच मला हवा आहे.

वाचनालयाच्या त्या वहीचे पहिले पान मी आखून ठेवले आहे. मेळाव्याच्या दिवशी ती दारापाशीच्या टेबलावर असेल, सोबत पेन असेल. सर आणि बाईंनीही त्यात नाव घालावे अशी विनंती आहे. आणि वडापावची गाडी चालवणाऱ्या आपल्या मित्राला मी त्या वेळी उत्तर दिले नव्हते, ते आता देते. तुझे नाव यादीत आहे. पहिले आहे.

रविवारी भेटूच.

– दहावी, १९९५ ची तुकडी